फोडणीआधीचं गाजर

गाजर किसायला घेतलं की गाढ झोपलेला कुत्राही उठतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसतो. दुधी किसताना येत नाही, गाजराला येतो. यात गूढ काही नाही. कुत्र्याच्या जिभेला गोडी कळते, गाजर गोड असतं, आणि वर ते दातांखाली कुरकुरतं. मांजराच्या कुळात गोड चव ओळखणारं जनुक निकामी झालेलं आहे, म्हणून त्याच घरातली मनी गाजराकडे ढुंकूनही बघत नाही.

पायाशी बसलेल्या या गिऱ्हाइकाला एक तुकडा टाकावा की नाही, यावर घराघरांत दोन मतं असतात. एक आजीचं: कुत्र्याला कसलं आलंय गाजर, त्याला भाकरी घाला. दुसरं मोबाइलवर वाचलेलं: गाजर म्हणजे कुत्र्याला अमृत, दात स्वच्छ, डोळे तेज, वजन कमी. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. गाजर कुत्र्याला विषारी नाही आणि निरोगी कुत्रा ते बिनधास्त खाऊ शकतो, एवढं निःशंकपणे सांगता येतं. तरीही गाजरापायी कुत्र्याला दवाखान्यात न्यावं लागतं, तेव्हा बहुतेक वेळा तुकडा नको तेवढा मोठा कापलेला असतो, नाहीतर गाजराच्या सोबतीने भलतंच काही पोटात गेलेलं असतं. म्हणून हे प्रकरण गाजरापेक्षा सुरीबद्दल आणि कढईबद्दल जास्त आहे.

लांडग्याचा जबडा, शेतकऱ्याघरचं पोट

प्राणिशास्त्राने कुत्र्याला मांसभक्षक गणात बसवलं आहे, पण त्याचं पोट त्या पाटीला पुरतं जागत नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांचे जनुकसंच ताडून पाहिले. पिष्टमय पदार्थ पचवणारं अमायलेज नावाचं विकर स्वादुपिंडात तयार होतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती सापडल्या, तर कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. माणसाने शेती सुरू केली, त्याच्या वस्तीभोवती धान्याचं उष्टं पडू लागलं आणि ते ज्यांच्या अंगी लागलं त्यांचा वंश वाढला, असा त्याचा अर्थ लावला जातो. शेतीपासून दूर राहिलेल्या ऑस्ट्रेलियाच्या डिंगोत आणि बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीत या प्रती कमी असतात, हेही त्याच अर्थाला धरून आहे.

आजीच्या भाकरीला विज्ञानाचा असा भक्कम पाठिंबा आहे. गाजराला मात्र तो थेट मिळत नाही, कारण गाजरात पिष्ट नावापुरतंच असतं. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात सुमारे ८८ ग्रॅम पाणी, पाचेक ग्रॅम साखर आणि तीन ग्रॅमच्या आतबाहेर चोथा. या चोथ्यावर अमायलेजची मात्रा चालत नाही. त्यातलं पेक्टिन मोठ्या आतड्यातले जीवाणू थोडंफार आंबवतात, पण कुत्र्याचं मोठं आतडं आखूड असतं आणि अन्न तिथे फार वेळ थांबत नाही.

त्यात जबड्याची रचना. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, आपल्यापेक्षा दहा जास्त. पण त्यांतले कामाचे मोठे दात म्हणजे वरच्या बाजूची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. हे दोन दात एकमेकांना घासून जातात आणि मांस कातरतात. कुत्र्याचा जबडा वर-खाली हलतो, आपल्यासारखा आडवा फारसा फिरत नाही. थोडक्यात, त्याच्या तोंडात अडकित्ता आहे, जातं नाही. लाळेतही पिष्ट पचवणारं विकर जवळपास नसतं. घास तोंडात घोळवून, बारीक करून गिळण्याची सोय निसर्गाने त्याला दिलीच नाही. चार वेळा कर्रकर्र वाजलं की तो गिळतो.

याचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला नेल्यावर दिसतो. शीमध्ये केशरी तुकडे जसेच्या तसे. नवखे मालक घाबरतात आणि फोटो काढून डॉक्टरांना पाठवतात. कुत्रा खेळकर असेल, शी घट्ट असेल, तर काळजीचं कारण नाही. फक्त एवढंच समजायचं की त्या तुकड्यांतली जीवनसत्त्वं त्याला मिळाली नाहीत, ती नुसती सहलीला जाऊन आली. गाजराचा रंग ज्या बीटा कॅरोटीनमुळे येतो ते पेशींच्या भिंतींआड कोंडलेलं असतं. किसलं, वाफवलं, त्यावर तेलाचे दोन थेंब टाकले तर ते मोकळं होतं आणि अंगी लागतं. कच्चा तुकडा हा चघळण्याचा खेळ, वाफवलेला कीस हे अन्न. दोन्हींना आपापली जागा आहे.

बीटा कॅरोटीनपासून व्हिटॅमिन ए तयार करणं कुत्र्याला जमतं. मांजराला जमत नाही, तिला ते मांसातून तयारच मिळावं लागतं. शिवाय शरीर हे रूपांतर गरजेपुरतंच करतं, त्यामुळे गाजर खाऊन कुत्र्याला व्हिटॅमिन एची बाधा होण्याची भीती जवळजवळ नाही. ती भीती आहे कलेजीची. तिच्यात हे जीवनसत्त्व तयार स्वरूपात आणि भरपूर असतं. रोज वाटीभर कलेजी खाणाऱ्या कुत्र्याच्या हाडांवर कालांतराने परिणाम होतो. ‘गाजर जास्त झालं तर?’ असं विचारणारे लोक कलेजीबद्दल मात्र विचारत नाहीत, याची मला गंमत वाटते.

डोळ्यांचं म्हणाल, तर गाजराने नजर तेज होते ही समजूत मोठी करण्यात दुसऱ्या महायुद्धाचा हात आहे. १९४० साली जॉन कनिंगहॅम नावाचा ब्रिटिश वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडू लागला. त्याच्या विमानात रडार होतं. ते गुपित राहावं म्हणून वर्तमानपत्रांतून सांगितलं गेलं की आमचे वैमानिक गाजरं खातात. त्यात देशात गाजराचं पीक अमाप आलेलं, त्यामुळे सरकारला ही कथा दुहेरी सोयीची होती. व्हिटॅमिन एची कमतरता असेल तर गाजराने रातांधळेपणाला उतार पडतो, हे खरं. पण बरं खाऊन-पिऊन असलेल्या कुत्र्यात ही कमतरता नसते. म्हाताऱ्या कुत्र्याचे डोळे निळसर, धुरकट दिसायला लागले की लोक गाजर सुरू करतात. तो मोतीबिंदू असो की वयोमानाने भिंगाला आलेला घट्टपणा, गाजराने दोन्हींत काडीचा फरक पडत नाही. तपासणी करून घ्यावी.

सुरी

गाजराचा खरा धोका त्याच्या आकारात आहे. ते गोल, कडक आणि गुळगुळीत असतं. आडवी चकती कापली तर ती नेमकी गोल पडते आणि लहान कुत्र्याच्या घशाच्या मापाची निघू शकते. बाजारात मिळणारी सोललेली, बोटभर लांबीची ‘बेबी’ गाजरं तर अख्खीच्या अख्खी गिळली जातात. मुलांना द्राक्ष उभं चिरून द्यायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून गाजर आधी उभं चिरायचं. दोन भाग, मोठं असेल तर चार. मग त्याचे छोटे काप. पॉमेरेनियन, शित्झू, पग यांच्यासाठी वाटाण्याएवढे, लॅब्रॉडॉर किंवा जर्मन शेफर्डसाठी बोटाच्या पेरापेक्षा लहान. किसून दिलं तर सगळ्यांनाच सोपं. हे मोजमाप कुत्र्याच्या वजनापेक्षा त्याच्या खाण्याच्या ढंगावर ठरवावं, असं मी म्हणेन. नाजूकपणे तुकडा उचलून, आडवं पडून, पुढच्या पंज्यांत धरून कुरतडणारी कुत्री असतात. त्यांना लांब दांडकंही चालतं. आणि हातातून वस्तू सुटायच्या आत ती पोटात पोहोचवणारी कुत्री असतात. त्यांना किसाशिवाय काही देऊ नये.

या दुसऱ्या गटात लॅब्रॉडॉर पहिला. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॉडॉरमध्ये भूक शमल्याचा निरोप देणाऱ्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरलं तरी त्यांना तसं वाटतच नाही. ‘आमचा मेला हावरट आहे’ असं आपण म्हणतो, पण त्यात बिचाऱ्याच्या स्वभावाचा भाग कमी आहे. पगची अडचण निराळी. २००३च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतून हा चपट्या नाकाचा कुत्रा घराघरांत पोहोचला. त्याचा श्वसनमार्ग मुळातच अरुंद, टाळू लांबट, घाईघाईने खाताना तो अन्नाबरोबर हवाही गिळतो. असा कुत्रा गाजर खात असताना आपण शेजारच्या खोलीत असू नये.

तुकडा तीन ठिकाणी अडकू शकतो आणि प्रत्येक ठिकाणची लक्षणं वेगळी असतात. तुकडा श्वासनलिकेच्या तोंडाशी बसला तर कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, कासावीस होतो, खोकायचा प्रयत्न करतो पण आवाज फुटत नाही, हिरड्या निळसर पडतात. इथे हातात मोजकीच मिनिटं असतात. तोंड उघडून बघायचं. तुकडा दिसत असेल तरच काढायचा, आंधळेपणाने बोट घातलं तर तो आणखी आत जातो. लहान कुत्र्याला मागचा भाग वर आणि डोकं खाली असं धरायचं. मोठ्याच्या मागे उभं राहून, बरगड्या संपतात तिथे पोटावर मूठ ठेवून वर आणि पुढच्या दिशेने झटके द्यायचे. हे करत असतानाच दुसऱ्या कोणीतरी गाडी काढायची. तुकडा निघाला तरी डॉक्टरांना दाखवायचं. खोकून आवाज येत असेल, ठसका लागत असेल, तर हवा जाते आहे. मग त्याला त्याचं खोकू द्यावं, उगाच झटके देऊ नयेत.

तुकडा अन्ननलिकेत अडकला तर चित्र संथ असतं आणि म्हणूनच फसवं. कुत्रा श्वास घेतो, चालतो, पण सतत लाळ गळते, मान ताणून गिळल्यासारखं करतो, प्यायलेलं पाणी तसंच्या तसं परत येतं. ‘पित्त झालं असेल’ म्हणून लोक रात्र काढतात. काढू नये. अन्ननलिकेच्या भिंतीवर दाब राहिला की तिथे जखम होते. आणि मोठा तुकडा पुढे सरकून आतड्यात अडकला तर वारंवार उलट्या, पोट दुखणं, शी न होणं, अन्नावरून तोंड फिरवणं. हे गाजराने क्वचितच घडतं, पण मक्याच्या कणसाने आणि आंब्याच्या कोयीने सर्रास घडतं. मे महिन्यात कोणत्याही व्हेटला विचारा.

कापण्याआधी दोन साध्या गोष्टी. गाजर मातीत वाढतं, तेव्हा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं, शंका असेल तर साल काढावी. वरचा पाला विषारी नाही, पण कडवट असतो आणि धुतल्याशिवाय देऊ नये. थंडीत उत्तरेकडून येणारं लालभडक लांब गाजर, बारमाही केशरी गाजर, क्वचित दिसणारं काळं गाजर, यांत कुत्र्याच्या दृष्टीने धोक्याचा काही फरक नाही. लाल गाजरात लायकोपीन हे रंगद्रव्य जास्त, काळ्यात अँथोसायनिन.

फ्रीझरमध्ये गारठवलेलं गाजर पिल्लांना दात येताना देतात. पिल्लाचे २८ दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि घरातल्या चपला, चार्जरच्या वायरी, सोफ्याचे पाय यांवर संक्रांत येते. गार गाजर चघळून बरं वाटतं यात शंका नाही. पण ते जाड आणि लांब असावं, गिळता येणार नाही असं, आणि आखूड होत आलं की काढून घ्यावं. मोठ्या कुत्र्याला दगडासारखं गोठलेलं गाजर देऊ नये. दंतवैद्यकातला एक सोपा दंडक आहे: ज्या वस्तूत अंगठ्याचं नख रुतत नाही, ती दाताचा टवका उडवू शकते. उडतो तोही बहुधा त्या चौथ्या उपदाढेचाच.

गाजराने दात स्वच्छ होतात, हे म्हणणं मी फार मनावर घेत नाही. कीटण बसतं ते हिरडीच्या कडेला, आणि गाजर मोडतं ते दाताच्या टोकाशी. कुत्र्यांसाठीचा ब्रश आणि त्यांचीच पेस्ट यांना पर्याय नाही. माणसांची पेस्ट तर मुळीच नको.

किती?

पशुवैद्यक आहारशास्त्रात एक ढोबळ नियम रूढ आहे: दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा १० टक्क्यांवर जाऊ नये. ९० टक्के समतोल जेवणातून याव्यात. आता हिशेब करू. निर्बीजीकरण झालेल्या, १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला सुमारे ६३० कॅलरी लागतात. दहा टक्के म्हणजे ६३. १०० ग्रॅम गाजरात ४१ कॅलरी. म्हणजे या हिशेबाने त्याला १५० ग्रॅम, चांगली दोन-अडीच गाजरं चालतील. ३० किलोच्या लॅब्रॉडॉरला साडेतीनशे ग्रॅम.

कागदावर बरोबर आणि पोटाला चूक. कॅलरी कमी आहेत म्हणून गाजराची मर्यादा कॅलरींनी ठरतच नाही, चोथ्याने ठरते. सवय नसलेल्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कच्चं गाजर घातलं तर रात्री पोटात गुडगुड, वारा सरणं आणि पहाटे चार वाजता दार उघडायला लावणं, हे ठरलेलं. माझ्या मते १० किलोच्या कुत्र्याला अर्धं मध्यम गाजर, मोठ्याला एक, आणि तीन किलोच्या पॉमेरेनियनला दोन-तीन छोटे काप एवढं पुरे. पहिल्या दिवशी त्यातलाही एकच काप, मग दोन दिवस शीकडे लक्ष.

मग गाजराचा फायदा तरी काय? फायदा तुलनेत आहे. आपल्याकडे कुत्र्याचा खाऊ म्हणजे ग्लुकोज बिस्किट. टपरीवर चहा घेता घेता पुडा फोडायचा आणि भोवती जमलेल्या शेपट्यांना वाटायचा, हा मराठी माणसाचा रोजचा दानधर्म. त्या बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, मैदा, साखर आणि तेलाच्या. गाजराच्या अकरा पट. दिवसातून वीस वेळा ‘बस’, ‘शेकहँड’ करून बक्षीस उकळणाऱ्या घरच्या लठ्ठ लॅब्रॉडॉरसाठी बिस्किटाच्या जागी गाजराचा काप आला, तर महिन्याभरात फरक पडू शकतो. भरताड जास्त आणि कॅलरी कमी हा त्याचा गुण तिथे उपयोगी येतो.

पण गाजर बिस्किटाच्या जागी यावं, जेवणाच्या जागी नाही. वजन उतरवायचं म्हणून वाटीतलं निम्मं अन्न काढून तिथे उकडलेलं गाजर आणि फरसबी घालणारे मालक असतात. कुत्र्याचं पोट भरतं, वजनही उतरतं, पण त्याबरोबर प्रथिनं, कॅल्शियम, आवश्यक मेदाम्लंही निम्मी होतात आणि चरबीसोबत स्नायू झडतात. घरात सगळे शाकाहारी म्हणून कुत्र्यालाही दूधपोळी, वरणभात आणि वर ‘पौष्टिक’ म्हणून गाजर, हाही त्याचाच दुसरा प्रकार. त्याच्या जेवणात अंडं किंवा मांस नसेल तर आहाराचा आराखडा पशुवैद्याकडून करून घ्यावा. ती उणीव गाजराने भरून निघत नाही.

कढईतली सोबत

गाजर एकटं असतं तोवर साधंसुधं असतं. आपल्या स्वयंपाकघरात ते फार वेळ एकटं राहत नाही.

कोशिंबीर घ्या. गाजराचा कीस, दाण्याचं कूट, मीठ, साखर, लिंबू, वर मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी. एखाददुसरा घास चुकून कुत्र्याच्या पोटात गेल्याने आकाश कोसळणार नाही. पण मीठ आणि मिरची त्याच्या कामाची नाही, आणि कुणी त्यात कांदा चिरला असेल तर गोष्ट बदलते. कांदा आणि लसूण यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशींवर घाला घालतात. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर बाधा दिसू लागते. १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. शिजवल्याने हा गुण जात नाही, वाळवून पूड केल्याने तर एकवटतो. म्हणून पावभाजी, सांबार, व्हेज कोल्हापुरी यांतलं गाजर ‘फक्त गाजर आहे’ म्हणून निवडून देऊ नये. रस त्यात मुरलेला असतो. लक्षणं लगेच दिसत नाहीत हा आणखी त्रास. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तांबूस होते, आणि तोपर्यंत पावभाजी कुणाला आठवत नसते.

गाजर हलवा हा सर्वांत मोठा सापळा. साखर, खवा, तूप हे एकीकडे. त्यांनी जुलाब होतात, आणि एकदम भरपूर तूप पोटात गेलं तर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, जी अतिशय वेदनादायक असते. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा भूतदयेची म्हणून थोर आहे. आहाराचा सल्ला म्हणून ती घेऊ नये. पण हलव्यातलं खरं विष म्हणजे वर पेरलेले बेदाणे. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, हे या शतकाच्या सुरुवातीपासून नोंदवलं जात होतं. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यात आडवा होतो. कारण मात्र बरीच वर्षं सापडत नव्हतं.

ते सापडलं आडवाटेने. अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देणारं एएसपीसीए या संस्थेचं केंद्र आहे. घरी मळलेला, मुलांच्या खेळातला पिठाचा गोळा खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडंही हुबेहूब द्राक्षांसारखीच बिघडतात, असं तिथल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं. त्या पिठात क्रीम ऑफ टार्टर असतं, म्हणजे टार्टरिक आम्लाचा क्षार. द्राक्षातही हेच आम्ल असतं, आणि त्याचं प्रमाण जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे बदलतं. कुणाला बाधतं, कुणाला नाही, याचा त्यातून उलगडा होतो. २०२१ साली त्यांनी हा तर्क मांडला. पुढे चिंच खाऊन मूत्रपिंडं बिघडलेल्या कुत्र्यांची उदाहरणंही त्यांनी त्यात जोडली, कारण टार्टरिक आम्लाने ठासून भरलेलं दुसरं फळ म्हणजे चिंच.

अमेरिकन वाचकाला चिंच हे दूरचं फळ. आपल्याकडे ती आमटीत, सांबारात, अळूच्या फदफद्यात आणि बरणीत बाराही महिने असते. चिंचगुळाच्या आमटीने कालवलेला भात कुत्र्याला घालणं थांबवावं, आणि वाळत घातलेल्या चिंचेपाशी त्याला फिरकू देऊ नये. बेदाणे किंवा चिंच खाल्ल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट बघायची नाही. पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवून पोट रिकामं करू शकतात. मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत मान टाकतात, तेव्हा सलाइनवर मदार उरते. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढण्याचा उपाय करू नये, मिठाचीच बाधा होते.

आणखी एक सोबती नव्याने आला आहे. कापाला पीनट बटर लावून देण्याची पद्धत व्हिडिओंतून आपल्याकडेही पोहोचली. डब्यावरचा मजकूर वाचावा. ‘शुगर फ्री’ प्रकारांत कधी कधी झायलिटॉल असतं. माणसाला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या शरीरात त्याने इन्सुलिनचा लोंढा येतो, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर घसरते, झटके येतात, आणि पुढे यकृत जाऊ शकतं. मधुमेह्यांसाठी बनवलेल्या गाजराच्या केकलाही हीच भीती लागू आहे.

हे सगळं टाळायला फार काही लागत नाही. गाजर धुऊन चिरलं की त्याच्या वाट्याचं त्याच वेळी बाजूला काढायचं. फोडणी त्यानंतर.

मोरो यांचं सूप

गाजर औषधासारखं वापरण्याची एक जुनी रीत जर्मनीत आहे, आणि तिथले कुत्रे पाळणारे लोक तिच्यावर आपल्याकडच्या जुलाबातल्या दहीभाताइतकाच विश्वास ठेवतात. अर्न्स्ट मोरो हे ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ. तान्ह्या बाळाला दचकवल्यावर ते हात फेकतं, त्या प्रतिक्षिप्त क्रियेला आजही त्यांचं नाव आहे. सलाइन आणि अँटिबायोटिक्स यायच्या आधीच्या त्या काळात जुलाबाने बाळं पटापट दगावत. १९०८ साली मोरोंनी गाजराचं सूप द्यायची पद्धत मांडली आणि मृत्यू लक्षणीय कमी झाले. का कमी झाले, ते बऱ्याच दशकांनी कळलं. गाजर तासभर उकळलं की त्यातल्या पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटून छोट्या, आम्लधर्मी शर्करासाखळ्या बनतात. आतड्याच्या अस्तरावर जीवाणू जिथे चिकटतात त्या जागांशी त्यांचं साम्य असतं. जीवाणू फसून त्यांनाच चिकटतात आणि बाहेर पडतात.

कृती सोपी आहे. अर्धा किलो सोललेली गाजरं एक लिटर पाण्यात किमान तासभर, शक्यतो दीड तास उकळायची. मिक्सरमधून अगदी गंधासारखी वाटायची, आटलेलं पाणी भरून पुन्हा एक लिटर करायचं, त्यात तीन ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अर्धा चमचा. इथे वेळ महत्त्वाची. गाजर वीस मिनिटांत मऊ होतं, पण मऊ होणं हे इथे उद्दिष्ट नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्यासाठी मिठाबद्दल आधी विचारावं. थोडं थोडं करून, दिवसातून चार-पाच वेळा द्यायचं. बरेच कुत्रे ते आवडीने पितात.

याची मर्यादा नीट सांगायला हवी. प्रौढ, लस झालेला कुत्रा, काहीतरी अबरचबर खाऊन पोट बिघडलेला, पण शेपूट हलवणारा, पाणी पिणारा. अशासाठी हे सूप ठीक. लस अपुरी झालेलं पिल्लू, जुलाबात रक्त, सोबत उलट्या, अंग टाकलेलं, हा पार्व्हो विषाणूचा आजार असू शकतो. तिथे सूप उकळण्यात घालवलेला दीड तासही महागात पडतो. प्रौढ कुत्र्याचेही जुलाब दिवसभरात आवरले नाहीत तर डॉक्टरांकडे जावं.

आजारी कुत्र्यांबद्दल थोडं. मधुमेह असेल तर गाजर बंदच करायला हवं असं नाही, पण इन्सुलिनच्या वेळा आणि जेवण यांच्या हिशेबात ते धरावं लागतं. उकडलेल्या गाजरातली साखर कच्च्यापेक्षा लवकर रक्तात उतरते. मूत्रपिंडाच्या जुन्या दुखण्यात पोटॅशियम मोजून द्यावं लागतं आणि गाजरात ते बऱ्यापैकी असतं. शित्झू, ल्हासा, मिनिएचर श्नाउझर या जातींत कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे जास्त होतात. एकदा खडा काढलेला असेल तर गाजरासह ऑक्झलेटयुक्त भाज्यांबद्दल डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आणि काही कुत्री गाजर तोंडात घेतात, दोनदा चावतात आणि गादीवर नेऊन ठेवतात. त्यांच्यामागे लागू नये, तुपात परतून, मीठ लावून तर नाहीच नाही. चांगल्या प्रतीच्या तयार खाद्यात व्हिटॅमिन ए आधीच घातलेलं असतं, घरच्या जेवणात ते अंड्याच्या पिवळ्या बलकातून आणि आठवड्यातल्या चमचाभर कलेजीतून मिळतं. चोथा हवा असेल तर वाफवलेला लाल भोपळा आहे, फरसबी आहे. गाजर न खाणाऱ्या कुत्र्याचं त्यावाचून काही अडत नाही.